कॉफीच्या झाडाची साक्ष

ओम स्वस्तिअस्तु, जेरो मामा. बातुर डोंगराच्या अलीकडच्या उतारावरून तुमचा भाचा नेंगाह हात जोडतो आहे. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला कमी झाला का? देवळात घंटा वाजवताना अजून खांदा धरतो का? आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे डुकरीण ठीक आहे. माझं मात्र तसं नाही. तळ्यावरचं धुकं दारापर्यंत आलं तरी कुणीतरी साहेब आले असं वाटून मी उठून उभा राहतो. (तुमची भाचेसून लुह म्हणते, पुरे, आता कॉफीचं लिहा.)

तुम्ही पुजारी, तुम्हाला झाडांचं कळतं, पण कागदाचं सांगतो. सेंद्रिय कॉफीचं प्रमाणपत्र एकेका बागेला मिळत नाही, आमच्या अख्ख्या संघाला मिळतं. एका बागेत फवारणीचं औषध सापडलं की सगळ्यांचं जातं, आणि मग तीच कॉफी बाजारात मातीमोल. यंदाच्या तपासणीला सुराबायाहून आलेल्या तपासनीस बाईंनी नेमका तुम्पेक वारिगाचा दिवस निवडला. (त्यांचा दोष नाही, सुराबायात आपल्यासारखा झाडांचा सण नसतो.) आम्ही पहाटेच प्रत्येक झाडाखाली पेज ठेवली होती, बुंध्यांना कापड गुंडाळलं होतं, फुलं वाहिली होती. कुंपणावरची आमची फुलं यंदा डुकरिणीने खाल्ली, म्हणून लुह तुमच्या मुलाच्या, कोमांगच्या शेतातून टोपलीभर निळी फुलं घेऊन आली. पानाला एक भोक नाही, पाकळीला डाग नाही! (अशी फुलं कशी येतात ते मी विचारलं नाही. घरच्या माणसाला असं विचारत नाहीत.)

बाई आल्या तेव्हा मी मोठ्या झाडापाशी कोयता उलटा धरून उभा होतो. त्यांचा ड्रायव्हर इथलाच, बांगलीचा, तो सगळं त्यांच्या कानात सांगत होता. मी बुंध्यावर ठोकलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आजोबा, आजी कुठंय?" झाडामागून लुह झाडाच्या वतीने म्हणाली, "घरी आहे रे, तापानं थरथरतेय!" फळं इतकी लगडू देत की फांदी थरथरली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ, हे शेंबडं पोरही जाणतं. पण बाईंनी लगेच पेन काढलं. "कसला ताप? काय फवारलंत?" ड्रायव्हरने समजावलं तशा त्या हसल्या, आणि मामा, त्या हसण्यानेच माझा घात केला. मला वाटलं, बाई खूश आहेत तर आणखी जरा खूश करू. म्हणून आपल्या सात पिढ्यांत कुणी विचारला नाही तो प्रश्न मी पदरचा घातला: "आजोबा, तुम्हाला कुणी कधी औषध-बिषध पाजलं का हो?"

आता "नाही रे बाळा" एवढंच म्हणायचं होतं. कुठल्याही शहाण्या झाडाने तेवढंच म्हटलं असतं! पण मला खाकरावं लागलं. पुन्हा ठोकलं. मग सावकाश आवाज आला, "मला कुणी पाजलं नाही. पण आज पायाशी फुलं वाहिलीस ना, ती कोमांगच्या फवारणीच्या पंपाखालची आहेत. तेवढी उचल."

बाईंनीच उचलली. फुलं, खालची माती, चार पानं, सगळं पिशवीत भरून वर शिक्का मारला. निकाल गालुंगानच्या सणाआधी यायचा आहे. त्या गेल्यावर मी लुहवर ओरडलो, "तुला झाड व्हायला सांगितलं होतं, फौजदार नाही!" तर म्हणते, "झाडाच्या तोंडून खोटं बोलू? तेही आजच्या दिवशी? तुम्ही विचारलंत कशाला?"

संघाचे प्रमुख गेडे विर्या यांनी निकाल लागेपर्यंत आमच्या फळांना गर सोलायचं यंत्र बंद केलं आहे. त्यांचंही बरोबर आहे, आमची फळं सगळ्यांच्यात मिसळली तर उद्या सगळीच बुडतील. पण लाल फळ थांबत नाही, आज तोडलं ते आजच सोलावं लागतं. म्हणून आम्ही ती अंघोळीच्या टाकीत ओततो, तरंगणारी पोकळ फळं काढून टाकतो, उरलेली हाताने चोळून सोलतो आणि बिया कपड्यांच्या घमेल्यात आंबवतो. माझ्या देवळात जायच्या सदऱ्याला आता आंबलेल्या ताडीचा वास येतो. (परवा पूजेत माझ्या शेजारचे हळूहळू सरकत गेले.) हे सगळं मी सोसेन. पण तिच्या बोलण्यापायी सगळ्यांचं प्रमाणपत्र टांगलं म्हणून काल झऱ्यावर लुहच्या डोक्यावर टोपली चढवायला एकही बाई पुढे आली नाही. ती टोपली कमरेवर घेऊन चढ चढत आली आणि चूल पेटवायला बसली. मामा, ते मला बघवलं नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला आल्याचा लेप लावत जा.

तुमचा,
नेंगाह

ता. क. खरं म्हणजे एक काम होतं. पौर्णिमेला देवळात संघाची बैठक आहे. तुम्ही यावं आणि सांगावं की त्या दिवशी लुह बोललीच नाही, प्रत्यक्ष झाडच बोललं. तुम्ही पुजारी, तुमचा शब्द कुणी मोडणार नाही, आणि झाडावर रागवायला लोक घाबरतात. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत, ठाऊक आहे. म्हणून बोलू नका. बोलेन मी, तुम्ही नुसती मान हलवा.

आणखी ता. क. कोमांग काय फवारतो ते सहज, जेवताना वगैरे, विचारून ठेवा. माझं नाव नको.

जेरो मामा, मी लुह. हे डुकरिणीला खायला घालायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. मान हलवू नका. मीच बोलले, आणि तसं झऱ्यावर सगळ्यांना सांगूनही आले. फुलं आणायला गेले तेव्हा कोमांग उघड्या हातांनी पंप धूत होता. बोटांची सालं गेली आहेत, नखं काळी पडली आहेत. तुम्ही आलात की तो हात कमरेच्या सारोंगात लपवतो. तिथे माझ्याच्याने काही बोलवलं नाही, फुलं घेऊन आले. झाडाखाली ठेवल्यावर मात्र राहवेना. निकाल काय लागायचा तो लागो, आधी त्याचे हात बघा. आणि यांना सांगा, पुढच्या वारिगाला ठोकणार मी. झाडामागे हे उभे राहतील.