लाकूड खातं कोण?

११ फेब्रुवारी

ते जनुक त्याचं नाहीच!

तीनदा तपासलं. नव्या यंत्राने डीएनएचे लांबच लांब पट्टे वाचले. पूर्वीसारखे तुकडे जुळवत बसायला नको. आणि लाकूड पचवणारं जनुक चक्क दुसऱ्याच्याच पट्ट्यावर बसलंय! बाटलीत आमच्या सूक्ष्मजीवासोबत, आर्कियासोबत, एक जिवाणू राहतोय. जनुक त्या जिवाणूचं.

दोन वर्षांपूर्वी ते तुकडे जुळवले कुणी? मी.

आमचा मदतनीस दोरेल बाटल्या धूत होता. "काय डॉक्टरीणबाई, भूत बघितलंत का?" म्हटलं, डोकं दुखतंय.

१२ फेब्रुवारी

कुणालाही सांगितलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

रविवार. आईकडे जेवायला गेले, कोबीचे रोल ताटात तसेच ठेवून लवकर निघाले.

सगळं त्या एका शोधनिबंधावर उभं आहे. ओक्नाचं तळं म्हणजे बुडालेली मिठाची खाण. तळाशी हवा नाही, नुसतं दाट खारट पाणी आणि जुने ओंडके. तिथं काही कुजायलाच नको, पण ओंडके पोखरलेले निघाले. आणि आम्हाला खाणारा सापडला! आर्किया – दिसायला जिवाणूसारखा, वंश सगळाच निराळा. असा प्राणवायूशिवाय, मिठात, लाकूड खाणारा आर्किया कुणी पाहिला नव्हता. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख वॉइकीत्सा बाईंनी त्याला आपल्या वडिलांचं नाव दिलं. ते त्याच खाणीत कामाला होते. खाण बुडाली तेव्हा बाई सात वर्षांच्या.

जूनमध्ये बाई निवृत्त होणार. मे महिन्यात त्यांचं लिस्बनला मोठं भाषण. आणि २८ मार्चला माझी मुलाखत, कायमच्या जागेसाठी. त्याच निबंधाच्या जोरावर!

गप्प बसले तर? कोण पाहणार आहे?

नवं यंत्र काय फक्त आमच्याचकडे आहे?

१ मार्च

सांगितलं.

दोरेलने सकाळीच सगळ्या बायकांना लाल-पांढरे दोरे वाटले, वसंताच्या स्वागताचा इथला रिवाज. बाईंनी कोटावर लावला होता. खुशीत होत्या. मी दार लावून घेतलं.

बाईंनी पडद्यावरचा पट्टा दोनदा वाचून काढला. मग म्हणाल्या, "कधी कळलं तुला?"

"अकरा फेब्रुवारीला."

"आज एक मार्च आहे."

"हो बाई."

"अठरा दिवस! अठरा दिवस रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होतीस, सान्झी!"

चुकीबद्दल एक शब्द नाही. बोलल्या ते अठरा दिवसांबद्दल. खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नुसत्या वाचनावर जायचं नाही. आर्कियाला एकट्याला वाढव. एकट्याने खाल्लं तर निबंध उभा. नाहीतर..."



४ मार्च

बाटल्या लावल्या. प्रत्येकीत गाळणकागदाची पट्टी. लाकडात असतं तेच कागदात. अर्ध्या बाटल्यांत जिवाणू मारणारं औषध. त्याने आर्कियाला काही होत नाही. शिवाय थोडी साखर, तो तगायला. बाकीच्या बाटल्यांत जुनं मिश्रण, जसंच्या तसं.

बाई म्हणाल्या, "जिवाणूही एकटा काढायचा."

दोरेल म्हणाला, "त्याचं कशाला? जनुकच त्याचं, तो खाणारच की!"

"काढायचा म्हटलं ना!"

महिना तरी जाईल त्याला.

२० मार्च

आर्कियाच्या बाटल्यांत कागद तसाच.

२६ मार्च

तसाच! आर्किया जिवंत आहे, साखर खाऊन मस्त गुलाबी झालाय. कागदाला तोंडही लावलेलं नाही. मिश्रणातल्या पट्ट्या मात्र कडेने विरायला लागल्यात.

बाई म्हणाल्या, "निबंध मागे घ्यायचा. पत्र लिहितेय."

आणि मी म्हटलं – हो, मीच म्हटलं – "बाई, परवा माझी मुलाखत आहे. दोनच दिवस थांबलात तर..."

त्यांनी नुसता कागद पुढे सरकवला. लिहून झालं होतं. 'चुकीची संपूर्ण जबाबदारी माझी.' खाली त्यांची सही. माझं नाव कुठेच नाही.

"तुकडे मी जुळवले होते. तसं लिहा."

"तपासले कुणी होते? मी. मग?"

"बाई, वडिलांचं नाव..."

"ते खाणीतले होते, सान्झी. आधार पोकळ आहे कळल्यावर वर माणसं उभी करत नसत ते. जा आता."

जिन्यात बसून रडले.

२८ मार्च

मुलाखत. त्यांनी विचारायच्या आतच सांगून टाकलं – निबंध मागे घेतोय, जोडणी माझी होती, चूक माझी.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग तुमच्याकडे आता उरलं काय?"

जागा गेली.

५ एप्रिल

जिवाणू एकटा निघाला एकदाचा. बाटल्या लावल्या. बाई बघायलाही आल्या नाहीत.

१० एप्रिल

लिस्बनहून पत्र. अतिशय सभ्य भाषेत – येऊ नका.

कॅन्टीनमध्ये वरच्या मजल्यावरचा एक जण मोठ्यांदा म्हणाला, "खुर्च्या सांभाळा रे, लाकूड खाणारे आले!" सगळे हसले. दोरेल ताटासकट उठून त्याच्यासमोर जाऊन बसला. सावकाश जेवला. हसणं थांबलं.

१२ एप्रिल

बाईंनी उरलेली सगळी रजा टाकली. ओक्नाला बहिणीच्या घरी जातायत. टेबल आवरलं, पुस्तकं मला दिली. "बाटल्या फेकू नकोस" एवढंच म्हणाल्या. मी "येऊ का सोडायला?" विचारलं तर मान हलवली, नको.

२८ एप्रिल

ईस्टर. लाल अंडी रंगवली, आईसाठी. बाईंना फोन केला. बहिणीने उचलला – "झोपलीय." दुपारचे बारा वाजले होते.

१३ मे

जिवाणूच्या बाटल्यांत काही घडत नाहीये. पाच आठवडे झाले. मेला बहुतेक. मला एक गोष्ट धड जमत नाही!

दोरेल म्हणतो, "मेलाय की नाही ते बघा तरी." बरोबर आहे. उद्या बघते. आणि त्यातल्या तीन बाटल्यांत दोन-दोन थेंब आर्किया टाकून बघते.

७ जून

जिवाणू मेला नव्हता. धडधाकट आहे. एकट्याच्या बाटल्यांत कागद अजून अख्खा!

थेंब टाकलेल्या तिन्ही बाटल्यांत कागद नाही.

तिन्ही!

दोरेलने आणि मी आलटून पालटून पाहिलं. लाकूड दोघं मिळून खातात.

बाई फोन उचलत नाहीत. ओक्नाच्या बसमध्ये बसलेय. एक बाटली मांडीवर, स्वेटरमध्ये गुंडाळून.