यंत्राला वाहिलेलं कुंकू

खांदा कॉलनी, पनवेल
ऑक्टोबर २०१३

ती. आईच्या पायांवर डोकं ठेवून,

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

लोखंडाचा गंज लेसरने उडवणारं आमचं यंत्र दसऱ्याला पुजलं. प्रकाशाचा जोर वाढवणारा भाग मी आखलेला, म्हणून झाकण उघडून कुंकू मीच वाहिलं. त्याचा कण आतल्या स्फटिकावर बसला. दुसऱ्या दिवशी यंत्र लावताच तो जळाला आणि स्फटिक तडकला.

"भगवानराव, झाकण लावून केलेला नमस्कार देवाला पोचत नाही का?" साहेब एवढंच म्हणाले. कामावर ठेवतील की नाही, सोमवारी कळेल.

वाईटही वाटत नाही. दिवा लावतो, हात जोडतो, पण मागायला काही सुचत नाही. तू देवापुढे बसशील तेव्हा माझ्यासाठी काय मागायचं, ते तूच ठरव.

तुझा,
भगवान