शंभर वजा छत्तीस

प्रिय मैने,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझी गादी तशीच गुंडाळून ठेवलीय. वॉर्डनबाईंनी दोनदा विचारलं, दुसरी मुलगी पाठवू का; मी दोनदा नाही म्हटलं. वर्गात आता इंटिग्रेशन सुरू झालंय. तुझ्या जागेवर एक उंच मुलगा बसतो, त्याच्यामुळे फळा दिसत नाही. खरं सांगू, दिसला तरी कळत नाही.

पहिल्या आठवड्यात मी न्हाणीघरात नळ सोडून रडत होते, आठवतंय? दीडशे मुलांच्या वर्गात मॅडमनी एका तासात तीनदा फळा पुसला होता आणि मला लिमिट म्हणजे काय ते कळलं नव्हतं. गणिताच्या मास्तरांची मुलगी मी. शाळेत सगळं पाठ करून पहिली यायचे, आणि इथे पाठ करण्यासारखं काही सापडेना. तू दार वाजवून म्हणालीस, "पाणी कशाला वाया घालवतेस? बाहेर येऊन रड." मग फरशीवर वही पसरून, स्वतःशी बडबडत, तू एकेक पायरी सोडवून दाखवलीस. त्या बडबडीवरूनच तर तुझं नाव मैना पडलं. पहिल्या दोन्ही गृहपाठांत मला पैकीच्या पैकी मिळाले ते त्या बडबडीमुळे. तुला मात्र खाडाखोडीपायी कमीच.

मग सहामाहीचा पेपर आला. तू माझ्या पुढच्या बाकावर, जराशी डावीकडे होतीस. तो शिडीचा प्रश्न आला: दहा फुटांची शिडी भिंतीवरून घसरतेय, पाया भिंतीपासून सहा फुटांवर आणि सेकंदाला एक फूट सरकतोय, वरचं टोक किती वेगाने खाली येतं? तू बाकी सगळं बिनचूक केलंस, फक्त शंभरातून छत्तीस वजा करून चौऱ्याहत्तर लिहिलंस आणि ते चौऱ्याहत्तर शेवटपर्यंत ओढत नेलंस. माझ्या पेपरातही चौऱ्याहत्तरच.

मॅडमच्या खोलीत आपण दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. "एकच चूक दोघींना कशी सुचली?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "मॅडम, मला खरंच माहीत नाही." मी खिडकीकडे बघत होते. त्यांनी माझे गृहपाठ काढले, मग तुझे. माझा पेपर स्वच्छ होता, तुझा खोडून खोडून काळा. त्यांनी तुला शून्य दिलं. जिन्यात मीच हुंदके देत होते आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, "तू कशाला रडतेस, शहाणे? तुला थोडंच काही झालंय?" दुसऱ्या दिवशी दुपारी विषय सोडल्याचा अर्ज देऊन तू घरी गेलीस.

मैने, शंभर वजा छत्तीस चौसष्ट, हे मला तिसरीपासून येतं. स्वतः सोडवलं असतं तर मी तिथे चुकलेच नसते. मी तुझा पेपर बघून उतरवला, डोळे मिटल्यासारखा, आकडासुद्धा न वाचता. म्हणून तर तो स्वच्छ होता. आज सकाळी मॅडमना हे सांगितलं. त्या पेनचं टोपण लावून म्हणाल्या, "हे त्या दिवशी सांगायचं होतंस." आता शून्य मला आहे, आणि पुढच्या सोमवारी मला समितीपुढे उभं राहायचंय, वर्षच जाईल कदाचित. बाबांनाही फोन केला. त्यांनी "शंभर वजा छत्तीस चौऱ्याहत्तर?" एवढंच विचारलं आणि फोन आईकडे दिला. तुला त्या प्रश्नाचे बारापैकी दहा गुण मिळालेत, तू पास आहेस. पण अर्ज मागे घ्यायला तुझी सही लागते, शुक्रवारी चारच्या आत, मुख्य इमारतीत, खिडकी क्रमांक तीन. माझ्याशी बोलू नकोस, मी खोली बदलून घेते. पण ये.

तुझीच म्हणवायची लाज वाटते, तरी तुझीच,
खोलीतली दुसरी