बाबांच्या पंचाहत्तरीचं डिप

प्रिय चिऊ,

तुला पत्र लिहून किती वर्षं झाली! शाळेत एका बाकावर बसूनसुद्धा आपण वहीच्या पानांवर एकमेकींना पत्रं लिहायचो. पुढे मी तुझ्याच भावाशी लग्न केलं, तू माझी नणंद झालीस आणि पत्रांची गरजच संपली. तोंडाचा पट्टा होताच.

घरी सगळे बरे आहेत. तुझे बाबा आता जिना एकटे उतरतात. दवाखान्यातून आले तेव्हा पाणीसुद्धा चमच्याने घेत होते. आता चहात साखर कमी पडली की माझ्यावर डाफरतात. तुझा भाऊ मात्र तुझा विषय निघाला की अजून ताटावरून उठतो.

बाबांच्या पंचाहत्तरीचा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. तू सकाळीच अंड्याच्या सँडविचचे डबे बर्फाच्या पेटीतून आणलेस, ऑफिसांच्या ऑर्डरी न्यायचीस तसे. मी ऐटीत सांगितलं, "मी थरांचं डिप करतेय, चिप्स बुडवून खायला. एकदम सोपं!" काचेच्या भांड्यात खाली राजम्याचा लगदा, त्यावर क्रीम, मग टोमॅटो, कांदा, किसलेलं चीज. तू भांड्याला हात लावलास. "अगं, कोमट लागतंय हे. लगेच फ्रिजमध्ये ठेव." मी म्हटलं, "हो गं, मास्तरीणबाई," आणि तू खुर्च्या मांडायला गेलीस.

फ्रिजमध्ये केकचा भलामोठा खोका होता. तो हलवायचा मला कंटाळा आला, चिऊ. भांडं चार वाजेपर्यंत ओट्यावर, खिडकीच्या उन्हात राहिलं. पाहुणे यायच्या आधी तासभर कसंबसं आत कोंबलं. वाढताना ते छान गार होतं. बाबांनी दोनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकरा जण आडवे झाले आणि बाबांना सलाईन लागलं. कुणीतरी "अंडी" म्हणालं आणि सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. दवाखान्याच्या जिन्यात तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "तू ते फ्रिजमध्ये ठेवलं होतंस ना?" मी म्हटलं, "हो, लगेच." तू माझ्यावर विश्वास ठेवलास. शेजारच्या काकू अंडं खात नाहीत, तरी त्याही आजारी होत्या. मला ते माहीत होतं. मी ब्र काढला नाही. मग तुझ्या ऑर्डरी बंद झाल्या. गेल्या महिन्यात लाँड्रीच्या काचेतून तुला चादरींच्या घड्या घालताना पाहिलं आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

काल तू बाबांना फोन केलास. ते फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, मी भाजी निवडत होते. "बाबा, माझ्या हातून चूक झाली, मला माफ करा," असं तू रडत म्हणालीस. माझ्या पापाची माफी तू मागत होतीस. आज सकाळी मी त्यांना आणि तुझ्या भावाला समोर बसवून सगळं सांगितलं. तुझा भाऊ उठून बाहेर गेला. बाबा म्हणाले, "माझी काठी दे. मला तिच्याकडे जायचंय." तुझ्यासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटणार नाही, आणि सांगायचं तर ते मीच सांगायला हवं, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती देतेय. वाचून झालं की त्यांना आत घे. माझं काय करायचं ते सावकाश ठरव.

तुझीच,
जिने जिन्यात खोटं सांगितलं ती