डाळिंबाच्या बागेतलं ‘पोदार’

सिस्टर, काल कळस गावी पुतण्याच्या डाळिंबाच्या बागेत मी कडाकडा भांडले. त्याच्या मुलीला पुण्याला जाऊन स्पॅनिश शिकायचं आहे. हा म्हणतो, “आत्या, त्या भाषेचं हितं काय काम हाय?” याची डाळिंबं परदेशात गेलेली चालतात, पोरगी पुण्यापर्यंत गेलेली चालत नाही!

तेव्हा तुम्ही आठवलात. बारामतीच्या कॉन्व्हेंटमध्ये गुलाबांवर वाकून तुम्ही तुमच्या स्पॅनिशमध्ये म्हणायचात, पोदार. म्हणजे छाटणं. इटलीच्या थोरल्या सिस्टर म्हणायच्या, पोतारे. त्यावरून तुम्हा दोघींची लुटुपुटीची भांडणं व्हायची. मग आम्हां मुलींना सांगायचात, लॅटिन ही आई, तिचं पुतारे. लेकी वेगवेगळ्या घरी नांदायला गेल्या, तरी माहेरचा शब्द कुणी टाकला नाही. जन्मभर शाळेत शिकवून मी निवृत्त झाले, पण इतकं सुंदर मला कधी सांगता आलं नाही.

दहावीनंतर माझ्या वडलांनी, तात्यांनी, माझं शिक्षण थांबवलं, तेव्हा तुम्ही एसटीनं आमच्या मळ्यात आलात. आमच्याकडे छाटणीत आलेल्या पाहुण्याच्या हाती आधी कात्री, मग चहा. तुम्ही झग्याच्या बाह्या सारून डाळिंबाशी उभ्या आहात, तात्या तिरक्या नजरेनं बघताहेत. तुमचा प्रत्येक काप बरोबर फांदीच्या डोळ्याच्या, कोंब फुटतो त्या जागेच्या, वर पडतो आहे.

“तुमच्या मुलखात डाळिंब हाय व्हय?”

“हाय की,” तुम्ही त्यांच्याच बोलीत म्हणालात. “वडलांची बाग हाय. पोदार त्यांनीच शिकवलं.”

“मग त्यांनी तुमाला इतक्या लांब धाडलं कसं?”

“न्हाय धाडलं. रुसून बसले. मी आले.”

तात्या कात्री खाली ठेवून हसले. “लई हट्टी हायसा तुमी. हिला बी न्या मग.”

काल मला तुमच्यासारखं शांत राहणं जमलं नाही. पुतण्याची छाटणी नुकतीच झाली आहे, तो फुलाची वाट बघतो आहे. मी ठणकावलं, “पोरीला अडवलं की बापाच्या बागेला फूल धरत नाही, असं सिस्टर म्हणायच्या.” संध्याकाळी तो म्हणाला, “जाऊ दे तिला.”

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. ते बागेच्या फुलाचं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. खोटं तुम्हांला खपायचं नाही, ठाऊक आहे. पण पोरीला प्रवेश मिळेपर्यंत मी ते मागं घेणार नाही.