मूर्तीच्या बैठकीवरील डाग न पुसण्याबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक,
शिल्प विभाग, वस्तुसंग्रहालय.

विषय : दालन क्र. ४ मधील दगडी बुद्धमूर्तीवरील डागाबाबतचा माझा अर्ज मागे घेऊन डाग तसाच ठेवणेबाबत.

संदर्भ : माझा मागील अर्ज व त्यावरील आपले काल मिळालेले उत्तर.

महोदय,

विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी वेल्डर असून सदर मूर्ती आमच्या परसात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणताना निघाली. खणत होता माझा धाकटा भाऊ. बाजूची माती ढासळली, मूर्ती आडवी झाली आणि तो कमरेपर्यंत तिच्याखाली सापडला. मी घण घेऊन खड्ड्यात उतरलो. चार घाव घातले असते तर दगड फुटला असता.

तेवढ्यात कुणीतरी फोन केल्यावरून आपल्या खात्याचे साहेब आले. "आठशे वर्षांची मूर्ती आहे. एक घाव घातलात तर तुरुंगात जाल," असे ते म्हणाले. क्रेन मागवली आहे, असेही म्हणाले. मी घण खाली ठेवला. क्रेनची वाट पाहता पाहता साहेबांनी बैठकीवरची माती ब्रशने झाडली आणि तेथे कोरलेली ओळ वाचून आम्हांला अर्थ सांगितला : दान देणाऱ्याने या मूर्तीचे पुण्य आई-वडिलांना आणि सर्व प्राणिमात्रांना लाभो, असे मागितले होते. भावाने खालून विचारले, "त्यात मी पण येतो का, साहेब?" साहेबांना हसू आले. त्याचा मला राग नाही, भाऊ होताच तसा थट्टेखोर. क्रेन आली तेव्हा तो बोलायचा थांबला होता. मूर्तीला ओरखडाही नाही, असे पंचनाम्यात लिहिले आहे आणि ते खरे आहे.

पुढे मूर्ती आपल्या दालनात आली. बैठकीच्या कोपऱ्यावरील काळपट डागाला फलकावर 'शतकानुशतकांच्या पूजेतील तेल' म्हटले आहे. येणारे-जाणारे त्यापुढे हात जोडतात. माझी आई दर रविवारी तिकीट काढून येते, दोरीच्या अलीकडे उभी राहते आणि त्या डागाला घरातले सगळे सांगते. पहारेकरी तिला 'तेलवाल्या आजी' म्हणतो. मला ते सहन होईना. म्हणून मी अर्ज केला की, ते तेल नसून माझ्या भावाचे रक्त आहे, तरी फलक दुरुस्त व्हावा.

आपण तत्परतेने तपासणी केलीत. माझे म्हणणे खरे निघाले म्हणून आभारही मानलेत. डाग अलीकडचा, सबब इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी असल्याने येत्या शनिवारी रसायनाने स्वच्छ करण्यात येईल, असे कळवलेत.

महोदय, भावाचे कपडे घरात आहेत, मोटरसायकल आहे. पण आई बोलते ती त्या डागाशीच. तरी मी लिहून देतो की, माझा मागील अर्ज खोटा आहे. खात्याची दिशाभूल केल्याबद्दल होईल ती शिक्षा मी भोगेन. तपासणाऱ्यांचीही नजरचूक झाली असावी. रविवारी आई येणार आहे, तिला मी यातले काहीच सांगितलेले नाही.

ते तेलच आहे. फार जुने आहे. आपला फलक बरोबर आहे.

आपला नम्र व खोटारडा अर्जदार,
(सही)
वेल्डर
दि. १२, गुरुवार

सोबत : मागील अर्जाची माझ्याकडील प्रत, फाडलेली.