हॅलमचाचांचा चाळिसावा

१७ जानेवारी १९९१, गुरुवार. सत्ताविसावा दिवस.

पहाटे इराकशी लढाई सुरू झाली. गुरुवारची सुट्टी असून तेल कंपनीच्या स्टोअरला बोलावलं. सातला गेलो, दोनला आलो. जुहरची नमाज स्टोअरमध्येच. जेवायला कालचा भात आणि दही.

मास्क वाटले. विषारी वायूचा हल्ला झाला तर तोंडावर चढवायचे. वाटपावरचा केरळी क्लार्क म्हणाला, "फॅमिली दो. दो मास्क." म्हटलं, एकच द्या. तो म्हणाला, "कागज पे दो है. साइन करो." मागे ही रांग! बायको वारली, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगता आलं. सही केली. बिलकिसच्या नावाची चिठ्ठी लावलेला मास्क घेऊन घरी आलो. मीडियम साइज.

कुठे ठेवायचा कळेना. तिच्या चपलांशेजारी ठेवला.

१८ जानेवारी, शुक्रवार. अठ्ठाविसावा.

झोपायची खोली बंद केली. खिडकीला प्लास्टिक, कडेने दुहेरी टेप, दाराखाली ओला टॉवेल. वीस वर्षं स्टोअरकीपर आहे, टेप कसा लावायचा ते मला कळतं. सायरन दोनदा. आत एकटा बसून होतो.

१९ जानेवारी, शनिवार. एकोणतिसावा.

म्हसळ्याहून सासूबाईंचं पत्र. लढाईआधी टाकलेलं. लिहितात — "चाळिसावा दिवस माणसं बसवून करा. माझी बिलकिस माणसांतली होती. तिच्या नावाचं एकट्याने वाढून एकट्याने जेवू नका."

पत्र चारदा वाचलं. माणसं आणू कुठून? अबकैकची अर्धी वसाहत मुलाबाळांना घेऊन जेद्दाला गेली, तिथल्या शराफिया मोहल्ल्यात नातेवाइकांकडे. उरलेल्यांपैकी कोणाच्या दारात जाऊ? शिवाय असले कार्यक्रम इथल्या सरकारला चालत नाहीत, गुपचूप करावे लागतात. आणि खरं सांगायचं तर मला बोलावताच येत नाही. कोणी मागितलं तर नाही म्हणता येत नाही, आणि स्वतः मागता येत नाही. बोलावणी सगळी बिलकिस करायची. मी खुर्च्या लावायचो.

२१ जानेवारी, सोमवार. एकतिसावा.

शेजारची हफीजा आली. श्रीवर्धनची, बिलकिसची मैत्रीण. मास्क खांद्याला पर्ससारखा लटकवलेला. म्हणाली, "भाईजान, बदकाची कॅसेट द्याल?"

"कसलं बदक?"

"या वर्षी टीव्हीवर लावलंच नाही ना! बिलकिसकडे टेप आहे. उजव्या कपाटात, तिच्या ओढण्यांच्या मागे."

होती. कंपनीच्या टीव्हीवर दर डिसेंबरला एका बदकाचं कार्टून लागतं म्हणे. त्यात पियानो वाजवणारा रॉय हॅलम नावाचा अमेरिकन म्हातारा. या लोकांचा हॅलमचाचा! त्याचं इथे मंडळ आहे. माझ्या घरात भरायचं. दर मंगळवारी.

म्हटलं, मंगळवारी तर तालीम असायची. मंगळवारी माल उतरतो, मी उशिरा येतो. सहा वर्षं बिलकिस मला सांगायची, आज बायका दीनची, धर्माची किताब वाचायला आल्या होत्या.

हफीजा ओढणीच्या टोकाशी खेळायला लागली. "तालीमच होती, भाईजान. पहिली दहा मिनिटं तालीम. मग बदक."

जाताना विचारलं, "चाळिसाव्याचं काय ठरवलंत?" मी म्हटलं, बघू.

२२ जानेवारी, मंगळवार. बत्तिसावा.

कपाटाच्या दाराला आतून त्याचा फोटो चिकटवलेला आहे. कुठल्याशा मासिकातून कापलेला. जाड चष्मा, पांढऱ्या मिशा, पियानोसमोर हसतोय. माझा एकही फोटो तिने कपाटात लावला नव्हता.

अर्थात मी कपाटासमोरच असायचो म्हणा.

कॅसेट बघायला हफीजा, तिचा नवरा बदरुद्दीन आणि कामगारांच्या कॅम्पातला गुणाजी आले. गुणाजी कुडाळचा वेल्डर. गावी भजनात पेटी वाजवायचा. सायरन झाला म्हणून सगळे माझ्या बंद खोलीत, टीव्हीसकट. बदरुद्दीनच्या दाढीमुळे मास्क बसत नाही. तो एका हाताने दाढी आत कोंबतो, ती दुसऱ्या बाजूने बाहेर येते. हफीजा म्हणाली, "कापा आता!" तो आतून म्हणाला, "हजची दाढी आहे!" आवाज डब्यातून आल्यासारखा.

मी पहिल्यांदाच बघितलं. बदकाचा एक मोजा हरवतो. अर्धा तास शोधतं. एवढंच. पण ते वाजवणं! जिना उतरताना एक पायरी चुकावी आणि तरी पडू नये, तसं काहीतरी. बिलकिस स्वयंपाक करताना गुणगुणायची ते हेच. मला वाटायचं माहेरचं गाणं असेल.

शेवटी बदक चांदणी उचलून चालायला लागतं आणि एकदम चित्र उडी मारतं. मग सगळे प्राणी हात धरून गोल फिरतात. मधे काहीच नाही! ख्रिसमसचं झाड असणार. इथे ते दाखवत नाहीत, कोणीतरी कापून काढलेलं. पण मंडळात यावर सहा वर्षं वाद आहे. बदरुद्दीन म्हणतो शेकोटी. हफीजा म्हणते जेवायला अंथरलेला दस्तरखान. गुणाजी म्हणतो, "काय नसताना पण माणूस फिरता, शेट. आमच्याकडे शिमग्याक बघा."

मी विचारलं, बिलकिस काय म्हणायची?  मग हफीजा म्हणाली, "ती म्हणायची, फिरतायत ना, पुरे."

२४ जानेवारी, गुरुवार. चौतिसावा.

ठरवलं. चाळिसाव्याला एकट्यानेच तिच्यासाठी फातिहाची दुआ वाचायची. भात करून कॅम्पात देऊन यायचा. सासूबाईंना लिहायचं — माणसं आली होती.

खोटं लिहायचं म्हणून दिवसभर जेवण गेलं नाही.

२६ जानेवारी, शनिवार. छत्तिसावा.

हफीजा आणि बदरुद्दीन दोघं आले. तोंडं उतरलेली. हफीजा म्हणाली, "हॅलमचाचा गेले."

क्लिनिकमधल्या अमेरिकन बाईने सांगितलं म्हणे. डिसेंबरातच गेले. बिलकिसच्याच आठवड्यात.

 इन्ना लिल्लाह म्हटलं, मग वाटलं, हा मुसलमान नव्हे, म्हणायला नको होतं की काय. बदरुद्दीनकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

हफीजा म्हणाली, "मंडळाला एकदा एकत्र बसायचंय, भाईजान. जागा नाही. अबकैकमध्ये तुमच्याइतकी पक्की बंद खोली कोणाची नाही. येत्या गुरुवारी बसू द्याल?"

"गुरुवारी बिलकिसचा चाळिसावा होऊन एक दिवस झालेला असेल," मी म्हटलं. "बुधवारी आहे."

बदरुद्दीन एकदम छतावरून खाली आला. "बुधवारी कसा? मगरिबच्या आधी गेली की नंतर?"

"नंतर. बांग होऊन गेली होती."

"मग दिवस पुढचा धरायचा! सूर्य बुडाला की तारीख बदलली. गुरुवारीच चाळिसावा."

खरं आहे. मलाही हे माहीत होतं. इतके दिवस या वहीत आकडे घालतोय, सगळे एकाने चुकले. खोडत बसलो नाही.

मग वाद. हफीजाचं म्हणणं, दोघांचं एकदमच करू. बदरुद्दीन म्हणाला, "त्याची फातिहा कशी होईल?" हफीजा म्हणाली, "फातिहा बिलकिसची. चाचांसाठी नुसतं बसायचं आणि पियानो." बदरुद्दीन म्हणाला, "फातिहा आणि पियानो? एका बैठकीत?" "मधे जेवण ठेवू!" हफीजा म्हणाली.

मला आतून राग आला. माझी बायको गेली आणि एका अमेरिकन बाजावाल्याच्या नावाने लोक जमणार? पण जागा मागितली. नाही म्हणता आलं नाही.

निदान माणसं बसतील. सासूबाईंना खोटं लिहावं लागणार नाही.

२९ जानेवारी, मंगळवार.

हफीजाने आकनीचा मसाला आणून दिला आणि भात-मटण कसं लावायचं ते तीनदा सांगितलं. "पाणी बोटाच्या दोन पेरांएवढं. बोट तुमचं नाही हां, माझं!" तिचं बोट बघून घेतलं.

३१ जानेवारी, गुरुवार. चाळिसावा.

अकरा जण आले!

क्लिनिकची नर्स शालिनी आली, सावंतवाडीची. सी ब्लॉकमधलं एक जोडपं. बाकीचे कॅम्पातले, त्यांतले दोघे मला ओळखतही नव्हते. बिलकिस त्यांना सणाला डबा पाठवायची, असं ते म्हणाले. हेही मला माहीत नव्हतं.

खोलीच्या मधोमध चादर बांधली. इकडे पुरुष, तिकडे बायका. टीव्ही बरोबर चादरीच्या टोकाशी, म्हणजे दोन्हीकडून दिसेल. बदरुद्दीनने हळू आवाजात फातिहा वाचली. गुणाजी आणि शालिनी डोकं झाकून बसले होते. मग जेवण. आकनी तळाला लागली होती. सगळ्यांनी वरवरची वाढून घेतली.

कॅम्पातल्या एकाने विचारलं, "हॅलमसाहेब कशाने गेले?"

बदरुद्दीन म्हणाला, "हार्ट." त्याच वेळी चादरीपलीकडून हफीजा म्हणाली, "निमोनिया." गुणाजी म्हणाला, "म्हातारपण ओ. तेका काय औषद?"

सगळंच झालं असेल बिचाऱ्याला.

तेवढ्यात सायरन! भरदुपारी. सगळ्यांनी मास्क चढवले. गुणाजीकडे नाही, त्याच्या ठेकेदाराने दिलाच नव्हता. मी चपलांजवळचा उचलला आणि त्याला दिला. "मी असाच बसतंय, शेट," तो म्हणाला. म्हटलं, घाला. त्याला जेमतेम बसला. कानाशी चिठ्ठी लोंबत होती, बिलकिस मोहियुद्दीन.

अकरा आणि मी, बारा सोंडा दस्तरखानाभोवती. मधे भाताची परात निवतेय. कोणाला खाता येईना, बोलता येईना. बदरुद्दीनची दाढी दोन्ही बाजूंनी बाहेर. गुणाजीने अल-खोबरहून आणलेला छोटा कॅसिओ मांडीवर घेतला आणि बदकाची चाल वाजवायला लागला. काचेवर वाफ धरली, त्याला पट्ट्या दिसत नव्हत्या. तरी वाजवत होता. एक पायरी चुकायची, पण पडत नव्हता. चादरीपलीकडे कोणीतरी मास्कच्या आत गुणगुणायला लागलं. मग सगळ्याच. भुंगे भरलेल्या मडक्यासारखा आवाज!

वीस मिनिटांनी धोका टळल्याचा भोंगा. नंतर कळलं, सायरनची नुसती चाचणी होती.

मास्क काढल्यावर सगळे हसत सुटले. मग बोलायला लागले. बिलकिसने अरबी दुकानदाराला कोकणीत कसं झापलं. बिलकिसने शालिनीला सांदणं शिकवली ती कशी फुगलीच नाहीत. बिलकिस कॅम्पातल्या पोराची चिठ्ठी त्याच्या आईला वाचून दाखवायला कशी फोन करायची. असरची बांग होईपर्यंत तेच. ज्याच्यासाठी जमले होते त्या म्हाताऱ्याचं नावही कोणी काढेना. मलाच वाईट वाटलं. शेवटी मी म्हटलं, "हॅलमसाहेबांबद्दलही कोणी दोन शब्द बोला."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बदरुद्दीन खाकरला. "माणूस चांगला होता," तो म्हणाला. "बोटं चांगली होती."

हफीजा उठून भांडी घासायला गेली. नळ सोडून खूप वेळ उभी होती.

१ फेब्रुवारी, शुक्रवार.

सासूबाईंना लिहिलं. अकरा माणसं बसली. खरं लिहिलं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार.

मंडळ आलं. आधी दहा मिनिटं तालीम, मग बदक. आता मी गोल फिरण्याच्या वेळी कॅसेट थांबवतो आणि नीट बघतो. मधे काहीच नाही.

२८ फेब्रुवारी, गुरुवार.

लढाई संपली. तेलविहिरींच्या धुराने दुपार काळी. खलास, म्हणाला केरळी क्लार्क, आणि मास्क परत घेतले. दोन दिले होते, दोन जमा केले. गुणाजीने त्याचा काल आणून दिला होता, पुसून.

९ मार्च, शनिवार.

टपालात बिलकिसच्या नावाचं पोस्टकार्ड. अमेरिकेचं तिकीट. थरथरतं अक्षर, इंग्रजी. "तुमची चारही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, माफ करा. बोटं दुखतात, पण रोज तासभर वाजवतो. तुमच्याकडे लढाई चालू आहे असं ऐकतो. तुम्ही आणि तुमचे यजमान जपून राहा. तुम्ही लिहिता की ते फार कमी बोलतात. माझंही तसंच आहे. — रॉय हॅलम." तारीख चार फेब्रुवारी.

तारीख पुन्हा बघितली. चार फेब्रुवारी. म्हणजे हॅलमसाहेब गेलेच नव्हते. अकरा माणसं आली ती तिच्यासाठी.

संध्याकाळी जिन्यात हफीजा भेटली. "टपाल काय आलं, भाईजान?" म्हटलं, "काही खास नाही." ती बरं म्हणाली आणि वर गेली.

उद्याच्या शर्टाचं बटण निघालं होतं. खिडकीजवळ बसून सुईत दोरा ओवला. तिसऱ्यांदा गेला.